आतून लावलेली काच

आई, तुमच्या बाराव्याला राई गावाहून आलेल्या बायका उंबरा ओलांडून आत आल्या आणि प्रत्येकीने आधी तेच म्हटलं, "किती शांत हाय गो घर." माणूस गेलेलं घर असंच असतं, असं त्यांना वाटलं असणार. मग त्याही आपोआप हळू बोलायला लागल्या. राईच्या बायका आणि हळू आवाज, तुम्ही असतात तर त्यांची चांगली टर उडवली असतीत. मी चहा फिरवत होते. मला सांगावंसं वाटत होतं की बायांनो, ही शांतता आई गेल्या म्हणून आलेली नाही. ती माघ महिन्यात आली, फोमच्या आणि सिलिकॉनच्या नळ्यांतून आली, आणि तिला मी बोलावलं होतं. पण बाराव्याला असलं कुणी बोलत नाही. मी साखर पुरे आहे का, तेवढं विचारलं.

तुम्ही असताना हे बोलायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणं हासुद्धा माझा लबाडपणा झाला. मी ते राहू दिलं. आपण दोघी सासू-सुना बारा वर्षं एका घरात राहिलो, आणि त्यातली शेवटची तीन वर्षं तर आठवड्याचे सहा दिवस दोघीच. नितीनची कंपनी सिल्वासाला गेली आणि तुमचा मुलगा शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी परत जाणारा पाहुणा झाला. उरलेले दिवस आपण एकमेकींच्या तावडीत. भांडायला वेळ भरपूर होता आणि आपण तो वाया घालवला नाही. डाळीतल्या मिठावरून भांडलो, ओल्या टॉवेलवरून भांडलो, टीव्हीच्या आवाजावरून तर रोजच. पण ज्या एका गोष्टीवरून घर डोक्यावर घ्यायला हवं होतं, तिच्याबद्दल आपण दोघीही मूग गिळून बसलो.

बेव्हर्ली पार्कातलं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर तुमच्या राईच्या जमिनीतून आलं. खाडीकडचा तुमच्या वाट्याचा तुकडा गेला आणि त्याच्या बदल्यात दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर आलं. तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत. फक्त खोली निवडलीत, गल्लीकडची, दोन्हींतली लहान. मी म्हटलं होतं, आई, तिथे फार गोंगाट आहे, मागची घ्या. तुम्ही म्हणालात, "मना मानसां दिसली पायजेत. मागं काय, भिंत बघू?" मागची खोली मग आम्हाला मिळाली.

सकाळी सात वाजता तुम्ही तुमच्या खिडकीची अल्युमिनियमची सरकती काच ढकलायचात. ती रुळावर अडकत अडकत जायची आणि त्या आवाजाने मला जाग यायची. मग ग्रिलमधून दोरीला बांधलेली पिशवी खाली आणि तुमची हाक त्याच्याही आधी खाली. पारू, राईचीच मासळीवाली, तुमची कुणीतरी लांबची पुतणी, डोक्यावर टोपली घेऊन गल्लीत यायची. तिच्याशी भावावरून भांडण, मग तिच्या सासूची चौकशी, मग परत भांडण. आणि लग्नसराई जवळ आली की भाजी निवडता निवडता धवले, लग्नातली गाणी. मी भाईंदर पश्चिमेच्या चाळीत वाढले, तिथे लग्नात बँजो वाजायचा आणि पोरं नाचायची. लग्नातला एकेक विधी बायकांनी गाऊन पार पाडायचा असतो, हे मला तुमच्या घरात आल्यावर कळलं. राईत अजूनही कुणाची हळद असली की धवले गायला तुम्हाला मानाने बोलावणं यायचं. जड आवाज होता तुमचा. तुम्ही गायला लागलात की खालचा इस्त्रीवाला मान वर करून बघायचा.

आणि पलीकडच्या खोलीत मी, कानाला हेडफोन लावून बसलेली. फ्रिज थंड करत नाही, वॉशिंग मशीन पाणी टाकतं, दुरुस्तीचा माणूस अजून आला नाही. अशा तक्रारी ऐकायच्या आणि माफी मागायची. तुम्ही त्याला "माफीचं काम" म्हणायचात. सोसायटीतल्या बायकांना सांगायचात, "माजी सून घरात बसून लोकांची माफी मागते. पगार हाय तिला त्याचा." मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

त्या बोंबलांच्या दिवशी मात्र आपण दोघी खूप हसलो. नागपूरचे एक काका मला मशीनच्या ड्रमबद्दल रागारागाने सांगत होते आणि तुम्ही तिकडून पारूला ओरडून विचारलंत, बोंबील कसे दिलेस. काका मशीन विसरले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, ताजे आहेत का?" जेवताना मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्हाला ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारत होते आणि मलाही हसू आवरत नव्हतं. पण तो कॉल वरच्यांनी ऐकला होता. आठवड्याने ताकीद आली, मागून घरगुती आवाज येतात. दुसरी ताकीद आली तेव्हा बाहेर रस्ता फोडत होते, त्यात तुमचा काही दोष नव्हता. तिसऱ्या ताकिदीला काम जातं, हे आम्हाला कामावर घेतानाच सांगितलं होतं. नितीनचं तिकडे भागवून इकडे फार काही उरत नव्हतं. घर माझ्या फोनवर चाललं होतं आणि फोनला शांतता हवी होती.

म्हणून खिडक्या बदलायचं ठरलं. एका रविवारी रफीकभाई माप घ्यायला आले. खिडक्या बसवण्यात त्यांचा जन्म गेलेला. प्रत्येक खिडकी त्यांनी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजली आणि म्हणाले, तुमच्या बिल्डिंगची एक भिंत सरळ नाही. हॉल झाला, आमची खोली झाली. तुमच्या खोलीकडे वळले तर तुम्ही दारात उभ्या. टेप आत जाऊ दिली नाहीत.

"बाकीचा घर बाटलीत भरा," तुम्ही म्हणालात. "मना न्हाय भरायचं."

"आई, सुजाताच्या कामाचं आहे," नितीन म्हणाला.

तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. माझ्याकडे बघून म्हणालात, "येकच हाय गो माजी. ती ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, ठीक आहे आई, तुमची राहील. मी शब्द दिला. कुणी माझ्याकडून तो वदवून घेतला नव्हता. मला त्या क्षणी तुमची दयाही आली होती, आणि दिलेला शब्द पाळू असं मनापासून वाटलंही होतं. हे मी माझ्या बाजूने सांगतेय असं समजू नका. आधी खरं वाटलं होतं म्हणून नंतरचं जास्त वाईट दिसतं, एवढंच.

काम दोन दिवसांचं होतं आणि नेमकी त्याच दोन दिवसांत राईला तुमच्या भाचीच्या लेकीची हळद निघाली. तुम्ही लुगडं पिशवीत भरलंत, रिक्षात बसलात आणि जाताना बजावलंत, माझ्या खोलीत त्या लोकांना चपला घालून पाठवू नकोस.

रफीकभाईंचं काम बघत राहावं असं होतं. जुनी चौकट उचकटून काढली तेव्हा भिंतीला नुसतं भोक राहिलं आणि सगळी गल्ली हॉलमध्ये आली. मग नवी पांढरी चौकट त्या भोकात उभी केली. खाली-बाजूला प्लॅस्टिकच्या पाचरी मारून, लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत तिला सरळ केलं आणि मग स्क्रू पिळले. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये कुठे बोटभर, कुठे दोन बोटं फट राहिली. त्या फटीत गनमधून फोम सोडला. तो येतो तेव्हा थोडासाच दिसतो आणि मग आपला आपण फुगत जातो. फट पूर्ण भरायची नाही, अर्धीच भरायची, असं ते म्हणाले. जास्त भरला तर तो फुगून चौकटीलाच आत दाबतो आणि मग ती खिडकी कधीच नीट लागत नाही. फोम सुकल्यावर बाहेर आलेला भाग ब्लेडने कापला, दोन्ही कडांना टेप लावली, सिलिकॉनची रेघ ओढली आणि साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ते एका दमात वरून खालपर्यंत फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलचं आणि आमच्या खोलीचं हँडल फिरवलं आणि रस्ता बंद पडला. हॉर्न, ड्रिल, सगळं गेलं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं, इतकं हलकं वाटलं.

पण दोन-चार मिनिटांनी कळलं की अजून थोडा आवाज येतोय. तो तुमच्या खोलीतून येत होता. रफीकभाईही कान लावून उभे होते.

"मॅडम, बाकी सब पॅक करके एक खुला छोडोगे, तो क्या फायदा?" ते म्हणाले. "आवाज को जहाँ जगह मिली, वहाँ से आएगा."

त्याच सकाळी मला मेल आला होता. माझे मागचे कॉल तपासायला घेतले होते. मी तुमच्या दारात उभी राहिले. ग्रिलला तुमची दोरी गुंडाळलेली होती. नवी चौकट तुमच्या खिडकीसाठी मागवलेलीच नव्हती. पण रफीकभाईंकडे एक जाड काच होती, दुसऱ्या कुणाच्या घरासाठी कापलेली आणि माप चुकल्यामुळे टेम्पोत पडून राहिलेली. जुनी सरकती खिडकी आहे तशी ठेवू, तिच्या रुळात आणि फटीत सिलिकॉन भरू आणि आतल्या बाजूने ही काच चिकटवून टाकू, असं त्यांनी सुचवलं. "करूँ क्या?"

मी म्हटलं, करा. विचार करायला वेळच नव्हता, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं. वेळ होता. ते चांगला तासभर तिथे काम करत होते आणि तो तासभर मी हॉलमध्ये बसून होते. उठून थांबा म्हणायला किती वेळ लागतो. दोरी सोडून, गुंडाळून मी तुमच्या उशाजवळ ठेवली.

तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी आलात. हाताला हळद, गाऊन गाऊन घसा बसलेला, स्वारी खुशीत. पिशवी ठेवायला खोलीत गेलात. मी स्वयंपाकघरात उगाच नळ सोडून उभी होते.

"ह्या काय गो?"

मी म्हटलं, रफीकभाईंची चूक झाली, आई. मी कॉलवर होते, मला कळलंच नाही. आता काढायला गेलं तर काच फुटेल म्हणतायत, ग्रिलपर्यंत सगळं तोडावं लागेल. एका दमात इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते, आणि माझं कामच बोलायचं आहे. तुम्ही काचेवर तळवा ठेवलात. मग मधल्या बोटाने दोनदा वाजवून बघितलीत, कलिंगड घेताना वाजवतात तशी. आणि म्हणालात, "बरं." मी भांडणाच्या तयारीत होते. तुम्ही जमिनीचं काढाल, घर कुणाचं ते काढाल, त्यावर काय बोलायचं ते सगळं मी जुळवून ठेवलं होतं. "बरं"वर काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

तिसरी ताकीद आली नाही. उलट कामातले माझे गुण वाढले. आणि घरात बाहेरचा आवाज बंद झाल्यावर आतला वाढला. फ्रिजची घरघर, तुमची खाट, तुमच्या बांगड्या. तुम्ही कूस बदललीत तरी मला पलीकडे कळायचं. तुमचा सुस्कारा ऐकू आला की माझं वाक्य अडायचं आणि फोनवरचा माणूस म्हणायचा, हॅलो, ऐकताय ना. पारू आठवडाभर खाली उभी राहून वर बघत होती. तुम्ही काचेमागून बोटांनी भाव विचारत होतात. तिला काय दिसत होतं कोण जाणे, उन्हात ती काच नुसती चमकायची. मग ती पलीकडच्या गल्लीत जायला लागली. मी म्हटलं, आई, फोन करा ना तिला. तुम्ही म्हणालात, "फोनवर मासलीचे डोले दिसतान का?" गुडघ्यांमुळे खाली उतरणं तुम्हाला आठवड्यातून एखाद वेळीच जमायचं. फाल्गुनात पुन्हा एका हळदीचं बोलावणं आलं तेव्हा तुम्ही घरात एकदाही गायला नाहीत. मी विचारलं. "हितं गायलं का आवाज परत अंगावर येतो," म्हणालात, आणि शेंगा सोलत बसलात.

तुम्हाला माहीत नसेल, पण त्या दिवसापासून मीही माझी खिडकी उघडली नाही. आमच्या खोलीच्या नव्या खिडकीला हँडल आहे, काम संपल्यावर ती सहज उघडता आली असती. पण मी उघडली असती तर तुम्ही दारात येऊन उभ्या राहिला असतात आणि विचारलं असतंत, तुझी उघडते, माझी का नाही. ते टाळायला मी आठ महिने बंद खोलीत बसले. उन्हाळ्यात पंख्याखाली गरम वारा गोल गोल फिरायचा. एका भिंतीच्या दोन बाजूंना आपण दोघी अशा कोंडून घेऊन बसलो होतो, आणि कोंडणारी मीच होते.

याच महिन्यांत तुम्ही माझ्याशी वाईट वागला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही वागला नाहीत. मी कॉलवर असले की दार न वाजवता हळूच ढकलायचात, चहाचा कप स्टुलावर ठेवायचात आणि बशी वाजू नये म्हणून कपाखाली रुमाल घालायचात. राईला एकदा सगळ्यांसमोर तुमच्या नणंदेने मला विचारलं, बारा वर्षं झाली, अजून पाळणा का नाही. तुम्ही कोलंबी सोलत होतात, मानही वर न करता म्हणालात, "तिचा ती बघंल. तू तुजी कोलंबी बघ, धागा ऱ्हायलाय तिच्यात." परत कधी कुणी विचारलं नाही. त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. रिक्षात तुमच्या शेजारी बसून येताना तुमचा हात धरावासा वाटला होता, पण आपल्यात तसलं काही नव्हतं.

आणि मग भाद्रपदात तुम्ही पडलात. हॉस्पिटलमधल्या पाचव्या दिवशी तुम्ही जरा शुद्धीवर होतात. एसीचा वॉर्ड, मोठ्या काचा, एकीलाही कडी नाही. तुम्ही बराच वेळ काचेकडे बघत होतात. मग मला म्हणालात, "इथली पन पॅक हाय." मी हसले. तुम्हीही थोडं हसलात. त्याच वेळी मला वाटलं, आता सांगावं. सांगून टाकावं की आई, ती खिडकी मीच बंद करायला लावली, आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा ती उघडू. तोंड उघडलं आणि नर्स सलाइन बदलायला आली. मी बाजूला झाले. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात.

बारावं झालं, नितीन सिल्वासाला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी रफीकभाईंना फोन केला. म्हटलं, काच फुटली तरी चालेल, पण ती खिडकी उघडून द्या. ते आले. तुमच्या फोटोला हात जोडले. खोलीत जाऊन काचेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "फूटेगा क्यूँ? पंद्रह मिनट का काम है. अम्मा को भी यही बोला था."

मी विचारलं, कुणाला?

"अम्मा को. हॉल का हँडल ढीला था, मैं टाइट करने आया था ना, हफ्ते भर में. आप अंदर फोन पे थीं. अम्मा ने चाय पिलाई, फिर यहाँ लेके आईं. पूछा, ये निकलेगा क्या, काँच टूटेगा क्या. मैंने बोला, नहीं टूटेगा, ब्लेड मारो, बाहर आ जाएगा. अभी निकाल दूँ? बोलीं, नको, ऱ्हाऊ दे. बहू का काम है." त्यांनी ब्लेड हातात घेतलं. "और बोला था, उसको मत बताना मैंने पूछा."

मी तुमच्या खाटेवर बसले. आठवड्याभरातच. म्हणजे फाल्गुनापासून तुम्हाला सगळं माहीत होतं. शेंगा सोलताना माहीत होतं, कपाखाली रुमाल घालताना माहीत होतं. आणि चैत्रातली ती दुपार मला आत्ता कळली. तुम्ही जमिनीवर गार फरशीला पाठ लावून पडला होतात. मी पाणी द्यायला आले तर तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "ती काच फुटंल म्हनतस ना गो?" मी म्हटलं, हो आई, फुटेल. तुम्ही म्हणालात, "बरं." वैशाखात परत एकदा विचारलंत, अगदी तसंच, आणि मी परत तेच सांगितलं. मला वाटायचं वयामुळे विसरताय. तुम्ही मला खरं बोलायला जागा करून देत होतात, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी ती बुजवली.

खरं सांगू, मला तुमचा रागही आला. तुम्ही भांडायला हवं होतंत. पारूशी पाच बोंबलांवरून भांडणारी बाई तुम्ही, माझं खोटं माझ्या तोंडावर मारायला तुम्हाला काय जड होतं? तुम्ही "बरं" म्हणून मला सोडलं नाहीत, अडकवून ठेवलंत. आता मी हे कुणाकडे कबूल करू? नितीनला सांगितलं तर तो म्हणेल, जाऊ दे, आईने मनावर घेतलं नसेल. तो माझी समजूत काढेल, आणि मला तीच नको आहे. तुम्ही मला माफ केलंत की नुसतं सहन केलंत, ते मला आता कधीच कळणार नाही. मी रडले, आई. रफीकभाई बिचारे बाहेर जाऊन उभे राहिले.

मग त्यांनी काम केलं. काचेच्या चारही कडांवरून ब्लेड फिरवलं, रबरासारखी सिलिकॉनची पट्टी ओढून काढली, आणि काच अखंड, एक चरा न पडता, बाहेर आली. आतल्या रुळात सुकलेलं सिलिकॉन खरवडायला आणखी थोडा वेळ लागला. सरकती काच हलली तेव्हा ती पूर्वीसारखीच अडकत अडकत गेली. गल्ली आत आली. त्या दिवशी माझं काम दोनला सुरू होणार होतं आणि पावणेदोन झाले होते. मी म्हटलं, रफीकभाई, आवाजाचं काय ते माझं मी बघेन, काम गेलं तर जाऊ दे. मला खरंच तसं वाटत होतं.

त्यांनी खोलीभर नजर टाकली आणि विचारलं, हे दार कधी लावत नाही का? आम्ही कधीच लावलं नव्हतं. तुमच्या राईच्या घरात खोल्यांना दारं नव्हतीच, पडदे होते, आणि दार लावलेली खोली म्हणजे आत कुणीतरी आजारी, अशी तुमची समजूत. इथे आल्या दिवसापासून तुमच्या दारामागे तांदळाचा मोठा डबा होता, वर दारावर तुमची लुगडी. ते दार आहे हेच मी विसरले होते. रफीकभाईंनी डबा सरकवला, पिशवीतून रबराची पट्टी काढून दाराच्या खालच्या कडेला ठोकली आणि दार लावून घेतलं. मी माझं दार लावलं, हेडफोन घातला आणि पहिला फोन घेतला. तुमची खिडकी सताड उघडी होती.

आज त्याला आठ दिवस झाले. खिडकी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडी असते. खाली तेच हॉर्न, तीच गर्दी, परवा तर दिवसभर ड्रिल चालू होतं. रोज पन्नास-साठ माणसं माझ्याशी बोलतात, आणि एकानेही अजून विचारलेलं नाही की मागे कसला आवाज येतोय. नुसतं तुमचं दार लावून भागलं असतं, आई.